वॉट मोठे, लक्षण खोटे

आमच्या बँडचा पहिला जाहीर कार्यक्रम ऐकायला आई आली होती. कोथरूडमधला एक कॅफे, जेमतेम पन्नास खुर्च्या, कोपऱ्यात वीतभर उंचीचं लाकडी स्टेज. दीड तास आम्ही जीव तोडून वाजवलं. सगळ्यांचं कौतुक करून झाल्यावर आईने मला हळूच बाजूला घेतलं. म्हणाली, ‘‘छान झालं गं. पण तुझं वाजत होतं ना? बोटं हलताना दिसत होती, म्हणून विचारलं.’’

मी बेस गिटार वाजवते. चार जाड तारा आणि बँडमधला सगळ्यात खालचा सूर. तबल्यातला डग्गा काढून घेतला तर मागे जे उरेल, ते बेसशिवायचा बँड ऐकताना उरतं. लोकांना नेमकं काय हरवलंय ते सांगता येत नाही, पण गाणं भरत नाही एवढं कळतं. त्यामुळे आईचा प्रश्न मला चांगलाच झोंबला.

पुढच्या कार्यक्रमाला मी सूड उगवायचं ठरवलं. भाड्याने मिळणाऱ्या अँपपैकी सगळ्यात मोठा आकडा असलेला अँप आणला, ८०० वॉटचा. सोबत कपाटाएवढं कॅबिनेट. त्या रात्री काउंटरवरचे कप वाजले, गायकाचा एक शब्द कळला नाही आणि पाचव्या गाण्याला वरच्या मजल्यावरचे काका घरच्या कपड्यांत खाली आले. तिसऱ्या कार्यक्रमात तर मी मित्राचा अँपच जाळला. त्याची गोष्ट पुढे सांगते.

तीन कार्यक्रम, तीन वेगवेगळे घोळ. पण मुळाशी चूक एकच होती. मी फक्त वॉट बघत होते. आणि आज कॉलेजच्या बँडमध्ये, छोट्या कॅफेत वाजवणारी मुलं-मुली बघते, तेव्हा तीच चूक तितक्याच आत्मविश्वासाने होताना दिसते. म्हणून हा लेख. माझं म्हणणं सरळ आहे. छोट्या स्टेजसाठी आधी खोली बघा, मग कॅबिनेट, मग ओहम आणि सगळ्यात शेवटी वॉट. आपण बरोबर उलटा क्रम लावतो आणि मग पैसेही जातात, आवाजही जातो.

भिंती बघत वाढलेली पिढी

हा उलटा क्रम आपल्या डोक्यात आला कुठून? मला वाटतं, रस्त्यावरून. विसर्जन मिरवणुकीत ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत बघत आपण मोठे झालो. ज्याची भिंत उंच, त्याचा मान मोठा. ‘किती बॉक्स आहेत रे?’ हाच पहिला प्रश्न. तिथे उघडं आकाश असतं, आवाज चारी बाजूंनी निसटून जातो, म्हणून तो हिशेब निदान समजू शकतो. (त्यात कानांचं काय होतं, हा वेगळा लेख आहे.) पण तोच हिशेब आपण पंधरा बाय वीसच्या खोलीत घेऊन येतो.

दुसरा संस्कार रॉकच्या फोटोंचा. बेस वाजवणाऱ्या माणसाच्या मागे फ्रिजएवढी पेटी. या पेटीचा इतिहास बघितला तर गंमत कळते. १९५१ साली लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि पुढच्याच वर्षी त्याच्यासाठी ‘बासमन’ नावाचा अँप काढला. म्हणजे हे वाद्य पहिल्यापासून अँपच्या जोडीनेच जगलंय. तानपुऱ्याला भोपळा असतो, बेस गिटारला कॅबिनेट असतं. पुढे कार्यक्रम मोठ्या मैदानांत गेले, पण गाण्याची साउंड सिस्टीम मात्र बेसचा भार उचलण्याइतकी मोठी झालेली नव्हती. मग १९६९ साली अँपेग कंपनीने ‘एसव्हीटी’ हा ३०० वॉटचा व्हॉल्व्हचा अँप आणि त्याच्यासाठी दहा इंचांचे आठ स्पीकर असलेलं कॅबिनेट काढलं. ती फोटोतली फ्रिजएवढी पेटी हीच. तिचा जन्म मैदानाच्या गरजेतून झाला.

आज मैदानावर तशी गरज उरलेली नाही. मोठ्या फेस्टिव्हलला बेसची एक वायर डीआय बॉक्समधून थेट मिक्सरला जाते आणि प्रेक्षकांना ऐकू येतो तो स्टेजच्या बाजूच्या सबवूफरमधून येणारा बेस. मागचा अँप वाजवणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून असतो. कधीकधी तर तो नसतोच, कानात इअरफोन असतात.

आणि आपल्या कॅफेत काय असतं? दोन स्टँडवर दोन टॉप, एक लहान मिक्सर. सबवूफर नाही. त्या टॉपमधून गायकाचा आवाज जातो, फार तर अकूस्टिक गिटार. त्यात बेस घातला तर स्पीकर फडफडतो आणि गायकाचा आवाजही गढूळ होतो. म्हणजे प्रेक्षकांपर्यंत बेस पोहोचवायचं सगळं काम तुमच्या मागच्या कॅबिनेटवर येतं. मोठ्या स्टेजवर कॅबिनेट चुकलं तरी साउंडवाला सांभाळून घेतो. छोट्या स्टेजवर सांभाळून घेणारं कुणी नसतं. त्यामुळे अँप आणि कॅबिनेटची जोडी जमवण्याचा सगळ्यात जास्त विचार छोट्या स्टेजवाल्यांनी करायला हवा. आपण मात्र ‘छोटा तर कार्यक्रम आहे, मिळेल ते घेऊ’ म्हणतो.

अँप जळाला ती रात्र

आता तिसरा कार्यक्रम. आमच्या गिटारिस्टच्या मित्राकडे बेसचा कॉम्बो होता. कॉम्बो म्हणजे अँप आणि स्पीकर एकाच पेटीत. त्याने तो पहिल्या नोकरीच्या पगारातून घेतलेला, सेकंडहँड. मागे ‘एक्स्टेंशन स्पीकर’ लिहिलेला जॅक होता. मला वाटलं, जॅक आहे म्हणजे काहीही लावायला हरकत नाही. एका दुसऱ्या बँडकडून कॅबिनेट उसनं आणलं आणि जोडलं. साउंडचेकला आवाज इतका मस्त आला, की आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. चौथ्या गाण्यात आवाज चरचरायला लागला. पाचव्यात जळका वास आला. सहावं गाणं आम्ही बेसशिवाय वाजवलं.

दुरुस्तीवाल्या काकांनी मागची पट्टी मला वाचायला लावली. कॉम्बोतला स्पीकर ८ ओहमचा. अँपला चालणारा सगळ्यात कमी भार ४ ओहम. आणि मी बाहेरून जोडलेलं कॅबिनेट ४ ओहमचं. ‘‘आता सांग, एकूण किती झाले?’’ मी म्हटलं, ‘‘बारा.’’ काका हसले. ‘‘पावणेतीनपेक्षाही कमी.’’

हे गणित शाळेत सगळे शिकतो आणि स्टेजवर सगळे विसरतो. ओहम म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा. पीएमपीच्या बसमधून गर्दी उतरतेय असं समजा. एकच दार उघडलं तर सावकाश उतरते. दोन्ही दारं उघडली तर भराभर. दारं वाढली म्हणजे अडथळा कमी झाला. स्पीकरचंही तसंच. दुसरं कॅबिनेट जोडलं की विजेला दुसरं दार मिळतं, एकूण ओहम कमी होतात आणि अँपला जास्त करंट पुरवावा लागतो. ८ ओहमची दोन कॅबिनेट जोडली तर भार ४ ओहम. ८ आणि ४ जोडली तर साधारण २.६७. ८ ओहमची तीन जोडली तरी तेवढाच, २.६७. ४ ओहमची दोन जोडली तर २. ज्या अँपच्या मागे ‘किमान ४ ओहम’ लिहिलंय, त्याला यातली पहिलीच जोडी चालते. बाकी ठिकाणी तो तापतो. नवे अँप बहुधा स्वतःला बंद करून घेतात, जुने जळून जातात.

इथे एक गैरसमज हमखास सापडतो. एका कॅबिनेटमधून वायर काढून दुसऱ्या कॅबिनेटमध्ये घातली की आपल्याला वाटतं, ही माळ झाली, म्हणजे सीरिज, म्हणजे ओहमची बेरीज. तसं नसतं. कॅबिनेटच्या मागचे दोन जॅक आतून सहसा पॅरललच जोडलेले असतात. अँपमधून दोन वायरी काढा नाहीतर एकातून दुसऱ्यात न्या, हिशेब तोच राहतो.

ओहम जास्त असले तर बिघडत नाही. ‘किमान ४’ लिहिलेल्या ट्रान्झिस्टरच्या अँपला ८ ओहमचं एकच कॅबिनेट लावलं तर तो आरामात चालतो, फक्त थोडी कमी ताकद देतो. व्हॉल्व्हचे अँप मात्र वेगळ्या स्वभावाचे. त्यांच्या मागे ओहम निवडायचं बटण किंवा वेगवेगळे जॅक असतात आणि जेवढा भार, तेवढ्यावरच ते ठेवावं लागतं. स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा अँप वाजवला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. आपल्याकडे असे अँप कमी दिसतात, पण एखाद्या हौशी माणसाने विश्वासाने हातात दिला तर एवढं लक्षात असू द्या.

आणि वायर. गिटारपासून अँपपर्यंत जाते ती वायर वेगळी, अँपपासून कॅबिनेटपर्यंत जाते ती वेगळी. दोन्हीचं टोक सारखंच दिसतं, म्हणून आपण हाताला येईल ती लावतो. गिटारच्या वायरच्या आतली तार बारीक असते. स्पीकरचा करंट तिला झेपत नाही. ती तापते, कधी आतल्या आत चिकटून शॉर्ट होते. शक्य तिथे स्पीकॉनची वायर वापरावी. ती फिरवून लॉक होते, पाय अडकला तरी सुटत नाही आणि गिटारमध्ये चुकून जातही नाही.

दुरुस्तीचे पैसे मी हप्त्याहप्त्याने दिले. मित्र एका शब्दाने बोलला नाही, तेच जास्त लागलं. त्यानंतर सहा महिने त्याने कुणालाच काही उसनं दिलं नाही. आमच्यासारख्यांचे बँड उसनवारीवरच चालतात. ज्याचा अँप जळतो त्याचं नुकसान होतंच, पण पुढच्या वर्षी ज्या मुलीला तो अँप वापरायला मिळाला असता, तिचंही होतं. ओहम वाचायला दहा सेकंद लागतात. ते न वाचणं हा आळस आहे आणि तो दुसऱ्याच्या पैशांवर केलेला आहे.

मग वॉटचं काय?

वॉटला काहीच अर्थ नाही असं मी म्हणत नाहीये. पण वॉट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही, हे एकदा नीट समजून घ्यायला हवं. वॉट दुप्पट झाले की आवाज वाढतो ३ डेसिबलने. कानाला ते ‘जरासं वाढवलं वाटतं’ एवढंच जाणवतं. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. ३०० वॉटच्या जागी ५०० वॉटचा अँप घेतला तर फरक पडतो सुमारे २.२ डेसिबलचा. एवढ्यासाठी लोक किती तरी महिन्यांचा पॉकेटमनी घालवतात.

दुसरीकडे कॅबिनेटच्या मागे, किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात, एक आकडा असतो, जो कुणी बघत नाही. सेन्सिटिव्हिटी. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आकडा. समजा एका कॅबिनेटची सेन्सिटिव्हिटी ९७ आहे आणि दुसऱ्याची १००. दुसरं कॅबिनेट त्याच अँपवर ३ डेसिबल जास्त वाजेल. म्हणजे अँप न बदलता, वॉट दुप्पट केल्याइतका फायदा. कंपन्या हे आकडे कधीकधी सढळ हाताने छापतात हे खरं, त्यामुळे दुकानात दोन्ही शेजारी ठेवून, एकाच अँपवर, नॉब न हलवता ऐका. कान फसत नाहीत.

आता ओहम आणि वॉट एकत्र बघू. अँपवर ५०० वॉट लिहिलेलं असतं ते बहुतेक ४ ओहमवरचं. ८ ओहमवर तोच अँप अडीचशे-तीनशेच्या आसपास देतो. म्हणून दुकानदार सांगतो, ‘‘४ ओहमचं कॅबिनेट घ्या, पूर्ण पावर मिळेल.’’ खोटं नाही. पण मिळणारा फायदा दोन-तीन डेसिबलचा आणि त्या बदल्यात दुसरं कॅबिनेट जोडायची वाट कायमची बंद.

माझा सल्ला उलटा आहे. पहिलं कॅबिनेट ८ ओहमचंच घ्या. कॅफेत तेवढंच न्या. पुढे मागे कॉलेजच्या हॉलमध्ये वाजवायची वेळ आली, तर अगदी तसंच दुसरं, पुन्हा ८ ओहमचं, विकत किंवा भाड्याने आणा. आता भार ४ ओहम झाला, अँप पूर्ण ताकद द्यायला लागला आणि शिवाय दोन कॅबिनेट मिळून दुप्पट हवा ढकलायला लागली. ताकदीचे ३ आणि जास्त स्पीकरचे साधारण ३, असे खालच्या सुरांत ६ डेसिबलपर्यंत मिळतात. नॉब तिथेच ठेवून. एवढा फरक फक्त अँप बदलून मिळवायचा तर चौपट वॉट लागले असते.

‘अगदी तसंच’ हे मुद्दाम म्हटलंय. दहा इंचांचे चार स्पीकर असलेलं एक कॅबिनेट आणि पंधरा इंचांचा एक स्पीकर असलेलं दुसरं, ही जोडी फोटोत झकास दिसते. पण दोन्ही ८ ओहमची असतील तर अँप दोघांना सारखीच ताकद देतो. एकीकडे ती चौघांत वाटली जाते, दुसरीकडे एकट्या पंधरा इंचवाल्यावर पडते. आधी दम कोणाचा जाणार, ते सांगायला नको.

डब्याचा कायदा

‘पण एवढ्याशा डब्यातून बेस येणार कसा?’ हा प्रश्न मला नेहमी विचारतात. प्रश्न बरोबर आहे. स्पीकर बनवणाऱ्यांमध्ये हॉफमन यांचा ‘आयर्न लॉ’ प्रसिद्ध आहे. डबा लहान हवा, सूर खोल हवा आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज हवा, या तिन्हींपैकी दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. तिसरीवर पाणी सोडावं लागतं.

बेसच्या सगळ्यात जाड तारेचा, ‘ई’चा सूर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो. पाच तारांच्या बेसवरचा ‘बी’ तर ३१च्या आसपास. रिक्षात मावणाऱ्या कॅबिनेटमधून ४१ हर्ट्झ धडधडीत येत नाही, मोठ्यातूनही फारसा येत नाही. तरी आपल्याला तो सूर ऐकू येतो, कारण तारेतून ४१च्या जोडीला ८२, १२३, १६४ असेही सूर निघत असतात. कान ते ऐकतो आणि खालचा सूर मनाने भरून काढतो. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवरही आपण बेसची चाल ओळखतो ती यामुळेच.

आता यावरून स्टेजवर काय करायचं? आपण नेमकं उलटं करतो. बेस ऐकू येत नाही म्हणून अँपवरचा ‘बास’ नॉब पूर्ण फिरवतो. ज्या सुरांत कॅबिनेटची ताकद नाही, तिथेच त्याला जोर लावायला सांगतो. त्या पट्ट्यात १० डेसिबल वाढवले म्हणजे अँपकडून दहापट वॉट मागितले. स्पीकरचा पडदा मर्यादेपलीकडे हलतो, फाटतो आणि ऐकणाऱ्याला तरीही गढूळच ऐकू येतं. नॉब सरळ बारा वाजता ठेवा, अडीचशे ते आठशे हर्ट्झचा मधला भाग थोडा वर घ्या आणि अँपला हाय-पास फिल्टर असेल तर तो चालू करा. घरी एकट्याने वाजवताना हा टोन रुक्ष वाटेल. ड्रमसोबत वाजवा, मग कळेल.

साध्या गिटारच्या कॅबिनेटवर बेस वाजवायचा मोहही टाळा. गिटारचे स्पीकर एवढा पडदा हलवायला बनवलेले नसतात. आणि कॅबिनेटची वॉट पेलायची क्षमता, त्या ओहमवर अँप जेवढे वॉट देतो, निदान तेवढी तरी असू द्या.

खोली आणि वरचे काका

आता दुसऱ्या कार्यक्रमातल्या त्या काकांकडे येते. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता वाटतं, त्यांचं बरोबर होतं.

४१ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे आठ मीटर भरते. आमच्या त्या कॅफेची खोली तेवढी लांब नव्हती. अशा खोलीत खालचे सूर भिंतींवर आपटून कुठे साचतात, कुठे नाहीसे होतात. पहिल्या कार्यक्रमात माझा अँप लहान होता, आणि आई बसली होती नेमकी अशा रिकाम्या जागी. दुसऱ्या वेळी मी कपाटाएवढं कॅबिनेट कोपऱ्यात सरकवून ठेवलं होतं. कोपऱ्यात दोन्ही भिंती आणि जमीन मिळून खालचे सूर फुगवतात. त्यात ते पोकळ लाकडी स्टेज, तेही डग्ग्यासारखं घुमायला लागलं. माझं कॅबिनेट गुडघ्यांच्या उंचीवर होतं, त्यामुळे स्पष्ट आवाज पायांजवळून निघून जात होता. मला ऐकू येईना म्हणून मी वाढवत गेले.

उपाय फुकटचे आहेत. कॅबिनेट खुर्चीवर किंवा भक्कम खोक्यावर ठेवा, थोडं मागे कलतं करा, म्हणजे ते तुमच्या कानांशी बोलेल. कोपऱ्यातून दोन-तीन फूट बाहेर ओढा. खाली रबराचा तुकडा किंवा जाड फोम घाला. साउंडचेकला बँडमधल्या कुणाला तरी वाजवायला बसवा आणि स्वतः सगळ्या खोलीत फिरून या. आणि पट्टी ड्रमरकडून घ्या. छोट्या खोलीत माइक न लावलेला ड्रमसेट जेवढा वाजतो, तेवढाच बाकीच्यांचा आवाज हवा. बेसला त्याहून वर जायचं काही कारण नाही.

भिंतीतून पलीकडे जातो तो मुख्यतः बेसच. गायकाचा आवाज आणि गिटारची झणझण भिंतीत अडते, खालचे सूर आरपार जातात. शेजाऱ्याला गाणं ऐकू येतच नाही, फक्त ‘धुम धुम’ ऐकू येते. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ही मोजणी ज्या ‘ए’ मापाने होते, ते माप ४० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३५ डेसिबल वजा धरतं. म्हणजे मीटरवर सगळं ठीक दिसू शकतं आणि तरी काकांच्या स्वयंपाकघरातली भांडी वाजत असतात. नियमात बसलो म्हणजे शेजारधर्म पाळला, असं नाही.

त्या रात्रीनंतर त्या कॅफेने लाइव्ह बँड बंद केले. आता तिथे शनिवारी फक्त एक गिटार आणि एक आवाज, तेही साडेआठपर्यंत. आपल्या शहरांत स्वतःची गाणी वाजवायला मिळतील अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली एक माझ्या ८०० वॉटांनी घालवली.

‘मग अँपच कशाला?’

यावर दोन आक्षेप येतात. पहिला अनुभवी मंडळींचा. मोठा अँप असावा, तो कमीवर चालवला की आवाज स्वच्छ राहतो, जोरात छेडलं तरी फाटत नाही. हे खरं आहे. थोडी ताकद हातची राखून असावीच. ४ ओहमवर ३०० ते ५०० वॉटचा, आजकालच्या क्लास-डी बनावटीचा अँप त्यासाठी पुरतो आणि तो पाठीवरच्या सॅकमध्ये मावतो. त्यापुढचे पैसे चांगल्या कॅबिनेटमध्ये घाला.

दुसरा आक्षेप नव्या मुलांचा. आता सगळं मिक्सरला थेट देता येतं, कानात इअरफोन घालता येतात, कॅबिनेट वाहायचंच कशाला? सबवूफर असलेल्या हॉलमध्ये मी स्वतः तसंच करते. पण पन्नास खुर्च्यांच्या खोलीत, दोन टॉपच्या जोरावर, तसं केलं तर आईचा प्रश्न ठरलेला. जोवर आपल्या छोट्या जागांकडे सबवूफर नाही, तोवर दहा इंचांचे दोन किंवा बारा इंचांचा एक स्पीकर असलेलं, ८ ओहमचं एक चांगलं कॅबिनेट हेच बेस वाजवणाऱ्याचं खरं वाद्य आहे. गिटार एक वेळ उसनी चालेल.

एक स्टिकर लावा

शेवटी, थोडं आयोजकांसाठी. कॉलेजच्या गॅदरिंगला, फिरोदियाच्या तालमींना, कॅफेतल्या शनिवारी वस्तू दहा हातांतून जातात. मागची छापील पट्टी खरवडलेली असते, कुणी स्पीकर बदललेला असतो, कुणाला काही माहीत नसतं. कॉलेजच्या सांस्कृतिक मंडळांनी आणि भाड्याने सामान देणाऱ्यांनी एवढंच करावं. प्रत्येक कॅबिनेटवर मोठ्या अक्षरांत ओहम आणि वॉट लिहिलेला स्टिकर लावावा. प्रत्येक अँपवर ‘किमान इतके ओहम’ लिहावं. स्पीकरच्या वायरींना लाल टेप गुंडाळावी. पन्नास रुपयांचं काम आहे. माहीत नसेल तर मल्टिमीटर लावा. तो ८ ओहमच्या कॅबिनेटला साधारण सहा आणि ४ ओहमच्याला तीन-साडेतीन दाखवेल, त्यावरून अंदाज येतो.

आणि कार्यक्रम ठरवताना कॅफेवाल्यांनी बँडला ‘किती वॉटचा अँप आहे?’ असं विचारणं थांबवावं. खोली किती लांब-रुंद आहे, वर कोण राहतं आणि सबवूफर आहे की नाही, हे त्यांनीच बँडला आधी सांगावं. निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

ज्या मित्राचा कॉम्बो मी जाळला, त्याने गेल्या महिन्यात तो परत दिला, दोन दिवसांसाठी. मागच्या जॅकवर त्याने पांढरी चिकटपट्टी लावली होती आणि तिच्यावर मार्करने लिहिलं होतं : ‘फक्त ८ ओहम. आधी वाच.’ मी वाचलं. कार्यक्रम व्यवस्थित झाला. आई दुसऱ्या रांगेत होती, यावेळी तिने काही विचारलं नाही.